खोल पाण्यातील जिगिंग : जिगच्या रंगाने खरोखर फरक पडतो का?

खोल पाण्यात जिगने, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या वजनदार कृत्रिम आमिषाने, गरवणारे दोघे भेटले की बोलणे लवकरच रंगावर येते. कोणी गुलाबीशिवाय दुसरा जिग बांधत नाही, कोणी निळ्या-चंदेरीवर विश्वास ठेवतो, तर रंग उडून शिसे उघडे पडलेल्या जिगवर मोठे हेकरू काढणारेही आपल्यात आहेत. साठ-सत्तर मीटरांपासून दोनशे मीटरांपर्यंत आणि त्याहूनही खाली जिग सोडताना त्याचा रंग माशाला दिसतो का, आणि दिसत असल्यास मासा लागण्यात त्यामुळे फरक पडतो का, याविषयीचे अनुभव एकत्र यावेत म्हणून हा धागा काढत आहे.

एक विनंती आहे. ‘अमुक रंगावर मासा लागला’ एवढ्यावर थांबू नये. खोली किती होती, पाणी स्वच्छ होते की गढूळ, ऊन होते की संध्याकाळ, जिगचे वजन आणि आकार काय होता आणि त्याच वेळी शेजारच्या रॉडवर कोणता रंग होता, हेही लिहावे. माझे स्वतःचे मत असे बनले आहे की ठराविक खोलीनंतर रंगाची ओळख पुसली जाते, मात्र जिग भोवतालच्या पाण्यापेक्षा उजळ दिसतो की गडद, हा भेद बराच खोलवर टिकतो आणि निवड त्यावरून करावी. या मताच्या विरुद्ध जाणारे अनुभव विशेष आवर्जून लिहावेत.

*

मी गरवतो तसा स्कूबा डायव्हिंगही करतो, त्यामुळे हा प्रश्न पाण्याच्या आतून पाहता आला. लाल जिग हातात धरून स्वच्छ निळ्या पाण्यात उतरत गेल्यास पहिल्या दहा मीटरांतच त्याचा तजेला जातो, वीस मीटरांपुढे तो तपकिरी-करडा दिसू लागतो आणि तीस मीटरांच्या आसपास जवळजवळ काळा होतो. तिथे त्यावर टॉर्चचा झोत टाकला की लाल रंग त्याच क्षणी परत दिसतो, कारण जिगवरचा रंग जागेवरच असतो. त्याच्यावरून परतायला लागणारा लाल प्रकाश मात्र वरच्या पाण्याने शोषून घेतलेला असतो. त्या खोलीवर बोट कापले तर रक्तसुद्धा हिरवट-काळे दिसते, हे बहुतेक डायव्हरांना माहीत असते. लालनंतर नारिंगी, मग पिवळा, मग हिरवा असे रंग क्रमाने मावळतात आणि स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल पोहोचतो तो निळा.

यात एक मुद्दा गरवणाऱ्यांच्या चर्चेत क्वचितच येतो. शोषण केवळ वरून खाली येणाऱ्या प्रकाशाचे होत नाही. जिगवरून निघून माशाच्या डोळ्यापर्यंत आडवा जाणारा प्रकाशही तितक्याच पाण्यातून जातो. त्यामुळे पाच मीटर खोलीवरचा लाल जिग हातभर अंतरावरून लाल दिसला, तरी दहा मीटर दूर असलेल्या माशाला तो तसा दिसण्याची शक्यता फार थोडी असते. माशाला जिगची पहिली जाणीव दुरून होते, आणि दुरून त्याला दिसते ती केवळ एक उजळ किंवा गडद आकृती.

फ्लुओरोसंट रंगांचे मात्र वेगळे आहे. चाळीस मीटरांवर साधा नारिंगी जिग मातकट दिसत असताना त्याच्या शेजारचा फ्लुओरोसंट नारिंगी मला स्पष्ट नारिंगी दिसला आहे. हे रंगद्रव्य निळा किंवा अतिनील प्रकाश शोषून त्यापेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश स्वतः बाहेर टाकते, म्हणून निळा प्रकाश पोहोचतो तिथपर्यंत ते काम करते. माझ्या मते ‘गुलाबी चालतो’ असे सांगणाऱ्या पुष्कळ अनुभवांमागे गुलाबी रंगापेक्षा ही फ्लुओरोसंट झळाळी असावी.

*

वरील वर्णन निळ्या पाण्याला लागू पडते, पण मी बहुतांश किनाऱ्याजवळच्या हिरवट पाण्यात गरवतो आणि तिथे क्रम बदलतो. प्लवकांतील हरितद्रव्य आणि जमिनीवरून वाहून आलेले कुजके सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाश झपाट्याने शोषतात, त्यामुळे सर्वांत खोल जातो तो हिरवा किंवा पिवळसर हिरवा. नील्स येर्लोव या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्याचे खुल्या समुद्राचे आणि किनारी असे जे प्रकार पाडले, त्यांचा आधार हाच आहे. अशा पाण्यात पन्नास-साठ मीटरांवर निळा-चंदेरी जिग मला निष्प्रभ वाटला आहे, तर शार्ट्रूज आणि पिवळ्या-हिरव्या जिगने दिवसा सातत्याने तांबोशी दिली आहे.

खोली ठरवण्याआधी मी पाण्याची पारदर्शकता पाहतो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते हे मोजण्याची पद्धत रूढ केली. मी पांढरी थाळी वजन लावून सोडतो आणि दोरीवरच्या खुणा मोजतो. थाळी पाच-सहा मीटरांतच नाहीशी झाली, तर साठ मीटरांवर रंगांच्या सूक्ष्म छटांचा विचार करण्यात अर्थ उरत नाही आणि मी सरळ चमकणाऱ्या किंवा पूर्ण गडद जिगकडे वळतो.

*

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. जिग तळापर्यंत उभा जातो का, प्रवाहात त्याचे वजन पुरते का आणि उचलून सोडल्यावर तो आडवा होऊन डुलत पडतो का, या तीन गोष्टी जमल्या तर रंग कोणताही चालतो. स्लो पिच पद्धतीत, म्हणजे जिग संथ उचलून सैल पडू देताना, मला बहुतेक मासे जिग खाली पडत असतानाच लागतात, म्हणजे मासा त्या पडण्यावर येतो. रंग पूर्ण खरवडलेले जिग मी आजही वापरतो आणि ते मासे देतात.

*

मी आणि माझा नेहमीचा सोबती दोघांनी हा प्रश्न थोडा शिस्तीने तपासून पाहिला, म्हणून सविस्तर लिहीत आहे. एकाच साच्यातले, एकाच वजनाचे जिग, सारखेच असिस्ट हुक (जिगला आखूड दोरीने जोडलेले गळ), सारखाच लीडर (जिगजवळचा दोराचा शेवटचा तुकडा). फरक फक्त रंगाचा. ठराविक वेळाने आम्ही जिगची अदलाबदल करत असू आणि बोटीवरच्या जागाही बदलत असू. हे दुसरे पहिल्याइतकेच आवश्यक ठरले, कारण बोट वाहत जाताना ज्या बाजूचा दोर आधी खडकावर पोहोचतो त्या बाजूला मासा आधी लागतो आणि त्याचे श्रेय नकळत रंगाला दिले जाते. हाताची लयही प्रत्येकाची निराळी असते. जिग बदलल्यावरही मासे एकाच हाताला लागत राहिले, तर कारण रंगात शोधण्यात अर्थ नसतो.

भर दिवसा, स्वच्छ पाण्यात, सत्तर ते शंभर मीटरांच्या दरम्यान आम्हाला निळा, गुलाबी आणि हिरवा यांच्यात सांगण्याजोगा फरक आढळला नाही. मासे खाण्यावर असले की सगळ्यांना लागत आणि नसले की कोणालाच लागत नसत. फरक दिसला तो पहाटे, संध्याकाळी आणि आभाळ दाटून आल्यावर. तेव्हा पोटाशी ग्लोचे, म्हणजे उजेड साठवून अंधारात चमकणाऱ्या लेपाचे, पट्टे असलेला जिग पुढे असे आणि त्याच्या पाठोपाठ पूर्ण काळा. काळ्याचे मला प्रथम आश्चर्य वाटले, पण खालून वर पाहणाऱ्या माशाला कोणताही जिग वरच्या अंधूक उजेडासमोर सावलीसारखाच दिसतो आणि काळ्याची कड सर्वांत ठळक असते.

आणखी एक निरीक्षण मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. ज्या रंगावर आपला विश्वास असतो तो जिग आपण दिवसभर पाण्यात ठेवतो, चांगल्या जागी तोच सोडतो आणि अधिक मन लावून खेळवतो. मग साहजिकच त्याच्या नावावर जास्त मासे जमा होतात. कोणता जिग किती वेळ पाण्यात होता हे लिहून ठेवल्याशिवाय रंगांची तुलना न्याय्य होऊ शकत नाही.

*

आपल्या नोंदींबद्दल मनापासून आभार. वजन आणि पडण्याविषयी वर मीच लिहिले आहे आणि त्या मतावर मी ठाम आहे, मात्र माझे गरवणे जवळजवळ पूर्णपणे दिवसाचे आहे. मावळत्या उजेडाविषयीचा आपला निष्कर्ष माझ्या अनुभवाच्या बाहेरचा असल्याने मी तो खोडत नाही.

*

माशाच्या डोळ्याचाही विचार व्हावा, असे मला वाटते. रंग ओळखायला शंकुपेशी लागतात आणि अंधूक उजेडात पाहायला दंडपेशी. उथळ, उजेडाच्या पाण्यातल्या पुष्कळ माशांना रंगदृष्टी चांगली असते, पण कायम खोलात राहणाऱ्या बहुतेक माशांच्या डोळ्यांत दंडपेशींचेच राज्य असते आणि त्या साधारण ४७० ते ४९० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या-हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात. लाल प्रकाश स्वतः निर्माण करून तो पाहू शकणारे काही ड्रॅगनफिश आहेत, परंतु ते दुर्मीळ अपवाद होत आणि आपल्या गळाला ते लागत नाहीत.

मला याचा सर्वांत बोलका पुरावा मासे वर आल्यावर दिसतो. शे-दीडशे मीटरांवरून वर आलेले कितीतरी मासे आणि कोळंब्या लालभडक असतात. बोटीवर हा रंग डोळ्यांत भरतो, पण खाली तो लपण्याचा रंग आहे, कारण लाल प्रकाशच नसलेल्या पाण्यात लाल शरीर काळोखात मिसळून जाते. म्हणून दीडशे मीटरांवर मासा ओढून घेण्यासाठी साधा, फ्लुओरोसंट नसलेला लाल जिग निवडण्याचे कारण मला आजवर पटलेले नाही.

*

माझा अनुभव ग्लोचा आहे आणि तो दीडशे मीटरांच्या खालचा आहे. दोनशे मीटरांखाली स्वच्छ समुद्रातसुद्धा अगदी क्षीण निळा उजेड उरतो आणि तिथल्या बहुतेक जीवांचा स्वतःचा प्रकाशही निळा-हिरवाच असतो, त्यामुळे हिरवट-निळा ग्लो तिथे परका वाटत नसावा. जुन्या पद्धतीच्या झिंक सल्फाइडच्या लेपाची चमक काही मिनिटांतच ओसरते, तर स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा लेप कितीतरी जास्त वेळ प्रकाशतो. खोल उतरायलाच काही मिनिटे जातात हे लक्षात घेतले, तर लेप कोणता आहे हे विचारूनच जिग घ्यावा.

संपूर्ण ग्लो जिगपेक्षा पट्ट्यांचा, ज्याला आपण झेब्रा ग्लो म्हणतो, तो मला अधिक उपयोगी पडला आहे. खोल पाण्यातले अनेक माखूल आणि कंदीलमासे पोटाखालच्या प्रकाशबिंदूंनी आपली सावली पुसतात. कदाचित तुटक, मंद प्रकाश भक्ष्यासारखा वाटत असेल. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री, पाणी स्वच्छ असताना, पूर्ण चार्ज केलेल्या मोठ्या ग्लो जिगपासून मासे दूर राहिल्याचेही मी पाहिले आहे. तेव्हा मी अतिनील टॉर्चचा झोत पूर्ण वेळ न देता क्षणभरच देतो.

*

चंदेरी जिगचा उल्लेख राहून गेला आहे. चकचकीत पृष्ठभाग आरशासारखा भोवतालचेच पाणी परावर्तित करतो, म्हणून स्थिर चंदेरी जिग दिसेनासा होतो आणि कोन बदलला की एकदम चमकतो. या चमकेसाठी वरून पुरेसा उजेड यावा लागतो. त्यामुळे ऐंशी-नव्वद मीटरांपर्यंत उन्हात मी चंदेरीच बांधतो आणि जिग संथ न खेळवता तुटक झटक्यांनी उचलतो. ऊन कलले की तोच आकार आणि तेच वजन ठेवून फक्त ग्लो पट्ट्यांचा जिग लावतो.