प्रक्रिया केंद्र चालू आहे, तरी उन्हाळ्यात डोहाला वास का येतो?

गिरणाकाठचा रहिवासी
आमचे गाव गिरणेच्या काठी असून लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे. गावाबाहेर सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि त्यातून सुटणारे पाणी दिसायला नितळही असते. तरीही होळी उलटली की खालच्या डोहावर हिरवी साय धरते आणि पहाटे घाटावर उभे राहवत नाही. हे केंद्र पाण्यातून नेमके काय काढते आणि काय तसेच सोडते, हे जाणकारांनी सांगावे. ‘पाणी शुद्ध करते’ एवढे उत्तर मला पुरत नाही.

निवृत्त अभियंता, धुळे
माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले ८० टक्के गटारीत, असा हिशेब धरला तर तुमच्या गावातून रोज सुमारे ५४ लाख लिटर सांडपाणी निघते. त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. ही भूक म्हणजे बीओडी, आणि कच्च्या सांडपाण्यात ती लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात मात्र प्राणवायू लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी तीसेक लिटर नदीचा प्राणवायू फस्त करू शकते. जे कुजणे नदीत झाले असते, ते टाकीत हवा सोडून आधीच उरकून घेणे, हेच केंद्राचे मुख्य काम.

आता मर्यादा पाहा. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरे आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या वगळता इतर शहरांसाठी बीओडीची मर्यादा ३० ठेवली, तर आंघोळीयोग्य नदीसाठी निकष ३ चा आहे. मधली तफावत नदीच्या वाहत्या पाण्याने भरून काढावी, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे धरणातून पाणी सोडण्याचे आवर्तन नसेल तेव्हा पात्रात वाळूच उरते, आणि केंद्रातून सुटलेले पाणी हीच नदी होते. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

केंद्रावर काम करणारा
उरलेले अर्धे उत्तर नत्र आणि स्फुरद. जाळी चिंध्या-प्लास्टिक अडवते, पुढच्या टाकीत वाळू बसते, एरेशन म्हणजे हवा सोडण्याच्या टाकीत जिवाणू घाण खातात, क्लोरीन रोगजंतू मारते. पण मलमूत्र आणि साबणातून आलेले नत्र-स्फुरद साध्या प्रक्रियेत बऱ्याच अंशी तसेच पुढे जाते. साचलेल्या डोहात शेवाळाला ते खतच. शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री तोच ओढून घेते, म्हणून वास पहाटे जास्त.

मी रोज सकाळी एरेशन टाकीतले पाणी लिटरच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवतो. गाळ तपकिरी असेल, गुठळी धरून खाली बसला आणि वर निवळ पाणी राहिले, तर टाकी ठणठणीत. काळपट झाला, तर हवा कमी पडली आहे असे समजावे. बहुधा आदल्या रात्री वीज गेलेली असते आणि जनरेटरला डिझेल नसते! काही तास ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारे यंत्र, बंद राहिला की जिवाणू गुदमरतात, आणि वीज आली म्हणून ते त्याच दिवशी सावरत नाहीत.

गिरणाकाठचा रहिवासी
दोघांचेही आभार. काल मुद्दाम काठाने चालत गेलो. केंद्राच्या खालच्या अंगाला बाजारपेठेकडून येणारा नाला थेट पात्रात उतरतो. त्याचे पाणी करडे आणि फेसाळ आहे; केंद्राच्या तोंडाशी मात्र तसे काही नाही.

निवृत्त अभियंता, धुळे
मग पहिला दोष त्या नाल्याचा धरा. बंधारा घालून तो अडवावा आणि पंपाने केंद्राकडे वळवावा लागेल. नगरपालिकेला लेखी विचारताना दोन आकडे मागा: केंद्राची क्षमता किती आणि प्रत्यक्षात रोज किती लिटर पाणी आत येते. दुसरा आकडा ५४ लाखांच्या बराच खाली असेल, तर उरलेले पाणी असल्याच नाल्यांतून जात असणार.

केळी उत्पादक, रावेर तालुका
थोडे बाजूचे, पण याच विषयातले. ते नत्र-स्फुरद नदीत सोडण्यापेक्षा कपाशीला किंवा केळीला दिलेले काय वाईट? मात्र पाण्याची क्षारता तपासून घ्यावी, नाहीतर काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते. आणि कोथिंबीर, मेथी, काकडी असल्या मालाला हे पाणी मुळीच देऊ नये.