बांधकाम परवानगी नाकारली: कलम 47 चं अपील करावं की नवा प्रस्ताव द्यावा?

पायवाट
नगरपरिषद हद्दीत राहत्या घराचा प्रस्ताव, तळ अधिक 1 मजला. नामंजुरीच्या पत्रात तीन कारणं आहेत:
1) सातबाऱ्यावर 312 चौ.मी., मोजणी नकाशात 298 चौ.मी., क्षेत्र जुळत नाही.
2) मागचं सामासिक अंतर (हद्द आणि इमारत यांत मोकळी सोडायची जागा) कमी.
3) भूखंड मंजूर विकास आराखड्यातील रस्त्याने बाधित.
तिसरं कारण कळत नाही. आमच्याकडच्या झोन दाखल्यात (भूखंड आराखड्यात कोणत्या विभागात येतो त्याचा दाखला) रस्त्याचा उल्लेखच नाही. पत्रावर तारीख 21 फेब्रुवारी, हातात पडलं 3 मार्चला. अपील कुठे, किती दिवसांत, आणि सोबत काय जोडायचं? आधी सगळं दुरुस्त करून पुन्हा अर्ज केलेला बरा का?

नगररचना_टेबल
आधी मुदत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 47 खाली आदेश कळवल्याच्या तारखेपासून 40 दिवस मिळतात. पत्र 3 मार्चला मिळालं असेल तर 4 मार्च हा पहिला दिवस आणि 12 एप्रिल हा चाळिसावा. पण 3 मार्चलाच मिळालं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. पोस्टाचं पाकीट शिक्क्यासकट जपून ठेवा, हातोहात दिलं असेल तर बारनिशीतल्या (आवक-जावक नोंदवहीतल्या) पोचेच्या नोंदीची प्रत घ्या. ऑनलाइन प्रणालीत आदेश त्याआधीच चढवलेला असेल तर समोरची बाजू तीच तारीख धरायला सांगेल. म्हणून 21 फेब्रुवारीपासून मोजून, म्हणजे 2 एप्रिलच्या आत, अपील दाखल करा. उशीर माफ होईल असं धरून चालू नका.

अपील राज्य शासनाकडे, म्हणजे मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जातं. ते शासन स्वतः ऐकतं किंवा त्यासाठी नेमलेला अधिकारी ऐकतो; त्याचा दर्जा उपसचिवापेक्षा खालचा असू शकत नाही. मुख्याधिकाऱ्यांकडे किंवा नगराध्यक्षांकडे दिलेला "फेरविचार अर्ज" म्हणजे अपील नव्हे. त्याच्या उत्तराची वाट बघण्यात 40 दिवस निघून जातात, आणि सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच वाया जातात.

आता अपील की नवा प्रस्ताव. तिन्ही कारणं एका पिशवीत घालू नका. पहिली दोन नकाशावर सुटणारी आहेत, ती नव्या प्रस्तावात दुरुस्त करा. तिसरं कायद्याचं आहे, अपील त्याच्यासाठी करा. नवा प्रस्ताव देताना पत्रात एक ओळ टाका: "कलम 47 खालील अपिलाचा हक्क राखून हा सुधारित प्रस्ताव सादर करीत आहे."

मोजपट्टी
पहिल्या कारणावर भांडू नका. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात मालकीचा कागद, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांतलं सर्वांत कमी क्षेत्र धरतात. तुमच्या बाबतीत 298 धरून चटईक्षेत्राचा (भूखंडावर एकूण किती बांधकाम चालतं त्याचा) हिशेब नव्याने मांडा, बहुतेक वेळा आक्षेप तिथेच मिटतो. 14 चौ.मी. हवेच असतील तर आधी भूमी अभिलेखकडे दाद मागावी लागेल. तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, घराची परवानगी त्याला बांधून ठेवू नका.

सामासिक अंतरात नेहमीची चूक अशी, की भूखंडाची हद्द कुंपणावरून धरलेली असते, मोजणीच्या खुणांवरून नाही. मोजणी नकाशाची हद्द नकाशात उतरवा आणि मग माप घ्या. शिवाय जिना, बाल्कनी, छज्जा यांतलं काय त्या अंतरात चालतं आणि काय नाही, हे नियमावलीत एकेक करून तपासा. खरोखर जागाच अरुंद असेल तर विशेष अडचण दाखवून मापात सवलत मागता येते, तो विवेकाधिकार नियमावलीत आहे. मात्र अडचण म्हणजे भूखंडाचा आकार, जुनी हद्द असं काही. "खोली मोठी हवी" ही अडचण होत नाही.

अपिलात दुरुस्त नकाशे पुढे करू नका. नगरपरिषदेची बाजू लगेच सांगेल की हे आमच्यापुढे नव्हतंच, आणि प्रकरण परत खाली जाईल. जो नकाशा नाकारला, त्याच्यावरच अपील चालतं.

कलम_दर_कलम
तिसऱ्या कारणावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळं अपील त्यावर उभं आहे.

विकास आराखडा तीन टप्प्यांतून जातो: कलम 26 चा प्रसिद्ध झालेला प्रारूप, सूचना-हरकतींनंतर शासनाकडे सादर झालेला, आणि कलम 31 खाली मंजूर. मंजुरीत शासन काही रस्ते हलवतं, काही भाग वगळून नंतर मंजूर करतं. कार्यालयात प्रारूपाची शीट वापरात राहिली की असे "बाधित" शेरे पडतात. म्हणून तुमच्या गट नंबरचा प्रमाणित भाग नकाशा मागा, तोही मंजूर आराखड्याचा, सोबत मंजुरीची अधिसूचना आणि फेरबदलांची यादी. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज (शुल्क 10 रुपये), आणि त्यातच फाइल पाहण्याची मागणी करा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज उद्याच द्या. उत्तर आलं नाही तरी अपील थांबवू नका, "कागद मागितले आहेत, मिळताच सादर करू" असं लिहून दाखल करा.

एक धोकाही सांगतो. सुधारित आराखड्याचा प्रारूप प्रसिद्ध झाला असेल आणि रस्ता त्यात असेल, तर कलम 46 प्रमाणे परवानगी देताना प्राधिकरणाला प्रारूपही लक्षात घ्यावाच लागतो. मग "मंजूर" हा शब्द चुकीचा असला तरी नुसत्या त्या शब्दावर अपील जिंकता येणार नाही. अशा वेळी मागणी बदला: रस्त्याची पट्टी सोडून उरलेल्या जागेवर परवानगी, आणि पट्टीच्या बदल्यात कलम 126 प्रमाणे चटईक्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क).

दुसरा मुद्दा: नामंजुरीची कारणं आदेशात देणं कलम 45 (3) प्रमाणे बंधनकारक आहे. "रस्त्याने बाधित" एवढंच लिहिलं, रुंदी नाही, शीट नाही, किती चौ.मी. बाधित ते नाही, तर ते कारण अपुरं. अपिलाचा हा स्वतंत्र मुद्दा करा.

पायवाट
खूप आभार सगळ्यांचे. अर्ज देऊन 60 दिवस उलटल्यावर पत्र आलं आहे. मानीव परवानगी (मुदतीत निर्णय नाही म्हणून मिळाली असं धरली जाणारी) मिळाली असं म्हणता येईल का? काम सुरू करावं असं एकाने सुचवलं.

कलम_दर_कलम
काम सुरू करू नका. कलम 45 (5) चे 60 दिवस अर्जापासून किंवा त्रुटीपत्राला तुम्ही दिलेल्या उत्तरापासून, यांतलं जे नंतरचं असेल तिथून मोजतात. पन्नासाव्या दिवशी त्रुटीपत्र आलं असेल तर तुमच्या उत्तरापासून मोजणी पुन्हा सुरू. आणि प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच मानीव परवानगी टिकते. तुमचं सामासिक अंतर कमी आहे, म्हणजे ते बांधकाम अनधिकृतच ठरेल. मग कलम 53 ची (अनधिकृत बांधकाम काढण्याची) नोटीस येईल, आणि त्या नोटिशीवर कलम 47 चं अपील चालत नाही.

गच्ची
शेजाऱ्याला मिळालेल्या परवानगीविरुद्ध हेच अपील करता येतं का?

नगररचना_टेबल
नाही. कलम 47 फक्त अर्जदारासाठी आहे. शेजाऱ्याने प्राधिकरणाकडे कलम 51 खाली परवानगी रद्द करण्याची लेखी मागणी करावी, पण काम बरंच पुढे गेल्यावर ते कलम उपयोगी पडत नाही. महानगरपालिका असेल (बृहन्मुंबई सोडून) आणि परवानगी खोट्या माहितीवर घेतली असेल, तर 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम 258 आहे. दिवाणी दाव्याला 1966 च्या अधिनियमाचं कलम 149 आडवं येतं. उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 ची याचिका होते, पण अर्जदार थेट तिथे गेला तर "47 चं अपील का केलं नाही" हा पहिला प्रश्न असतो.

पायवाट, अपिलाचे तीन संच करा: शासन, नगरपरिषद, स्वतः. क्रम असा: तारखांची यादी एका पानावर, अपील अर्ज, नाकारलेला आदेश आणि मिळाल्याचा पुरावा, मूळ अर्ज, नाकारलेले नकाशे, सातबारा, मोजणी नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा, त्रुटीपत्रं व उत्तरं. पानांना सलग क्रमांक द्या. दाखल करताना शुल्क किती ते विभागात विचारून भरा, आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका. सुनावणीला वास्तुविशारदाला सोबत न्या. पत्ता बदलला तर विभागाला लेखी कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर तुमची बाजू न ऐकताच निर्णय होऊ शकतो.