जीसीएस ६ म्हणजे आशा संपली?

रात्रपाळी_सिस्टर: काल एका डॉक्टरांनी लिहिलं, "स्ट्रोकचा पेशंट आयसीयूत आला आणि जीसीएस आठच्या खाली असेल, तर पहिल्याच दिवशी नातेवाइकांना सांगून टाका, आशा नाही." वाचून झोप उडाली. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल: डोळे, बोलणं, हालचाल यांच्या गुणांची बेरीज, ३ ते १५; जितकी कमी तितकी बेशुद्धी खोल. १९७४ साली न्यूरोसर्जन टीसडेल आणि जेनेट यांनी ही मोजपट्टी काढली, ती बेशुद्धी किती खोल आहे हे सगळ्यांना एकाच भाषेत सांगता यावं म्हणून. मेंदूच्या डाव्या बाजूचा स्ट्रोक झाला की अनेकांची वाचा जाते. माणूस जागा असतो, आपल्याकडे बघतो, शब्द सापडत नाहीत. त्याचे गुण कापणार?

न्यूरो_१२: मीच लिहिलं होतं. मेंदूतल्या रक्तस्रावात पेशंट दगावण्याचा धोका मोजणारा २००१चा आयसीएच स्कोअर बघा. त्यात गुण जास्त तितका धोका जास्त. वय, रक्ताच्या गाठीचा आकार यांना एकेकच गुण. जीसीएस ३-४ असेल तर दोन. शुद्धीला वजन आहेच. खोटी आशा लावणं हीसुद्धा क्रूरताच.

भूलतज्ज्ञ: मूळ घोळ नोंदीत आहे. तोंडात नळी असताना 'बोलणं १' लिहितात! तिथे 'टी' लिहा, म्हणजे ट्यूब आहे, बोलणं तपासता येत नाही. मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध चालू असताना घेतलेला स्कोअर औषधाचा असतो.

रात्रपाळी_सिस्टर: आम्ही टी लिहितो. राउंडला बेरीज करताना त्याचा एक कोण करतं? दर वेळी खापर आमच्याच माथी का?

भूलतज्ज्ञ: तुमच्यावर नाही बोललो. पण हँडओव्हरला मला नुसती बेरीजच मिळते. डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं कुणीच सांगत नाही.

न्यूरो_१२: विषय नोंदीचा नाही!

थोरली_लेक: माझ्या बाबांचा विषय आहे. ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा स्ट्रोक. डोळे ४, बोलणं १, हालचाल १. बेरीज सहा. आम्हाला सांगितलं, काही कळत नाही त्यांना. तिसऱ्या रात्री एक सिस्टर कानाशी वाकून म्हणाल्या, "काका, वर बघा." बुबुळं वर गेली. "आता खाली." खाली आली. तीन दिवस आम्ही त्यांच्या उशाशी उभं राहून त्यांच्या मरणाचं बोलत होतो.

न्यूरो_१२: वाईट वाटलं, ताई. असे पेशंट कमी असतात, पण तिथे जीसीएस फसतो, हे मान्य. २००५चा फोर स्कोअर डोळ्यांचा पाठलाग, ब्रेनस्टेमचे रिफ्लेक्स आणि श्वास बघतो. बोलण्याला गुणच नाहीत. तो घ्यायला हवा होता. बाकी माझं मत कायम.

रात्रपाळी_सिस्टर: आणि 'पहिल्याच दिवशी'? आशा नाही म्हटलं की उपचार आखडते होतात, पेशंट जातो, मग आकडा खरा ठरला म्हणायचं.

न्यूरो_१२: पहिला दिवस मागे घेतो. आठ नाही.