महिन्याचा डेटा आधीच संपतो : कोणते उपकरण किती वापरते, हे कसे मोजावे?

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)

नमस्कार. आमच्या लेखापरीक्षण कार्यालयात १४ संगणक, दोन प्रिंटर, चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आणि कर्मचाऱ्यांचे मोबाइल, एवढा पसारा १०० एमबीपीएसच्या एकाच जोडणीवर चालतो. योजनेत महिन्याला ३३०० जीबी मिळतात. मात्र गेले तीन महिने ही मर्यादा २६ तारखेच्या आसपासच संपते आणि पुढे वेग इतका घसरतो की अशिलांची विवरणपत्रे भरणे अवघड होते. सेवापुरवठादाराकडून एकूण वापराचा आकडा आणि मोठी योजना घेण्याचा सल्ला, एवढेच मिळाले. राउटरच्या पानावर उपकरणांची नुसती यादी दिसते. जास्त पैसे भरण्याआधी वापर नेमका कुठे होतो, हे मला समजून घ्यायचे आहे. प्रत्येक संगणकावर मोजणीचे सॉफ्टवेअर टाकावे का?

उत्तर १ (ऐरोली)

तसे केल्यास डीव्हीआर आणि मोबाइल हिशेबातून सुटतील. शिवाय शेजारच्या संगणकावरची फाइल उघडली किंवा प्रिंट दिली, तरी ती वापरात धरली जाईल, वास्तविक त्यातला एक बाइटही कार्यालयाबाहेर गेलेला नसतो. मोजणी करायची ती बाहेर जाण्याच्या वाटेवरच, म्हणजे राउटरपाशी.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली) चालेल असा राउटर घेऊन तो पुरवठादाराच्या राउटरच्या मागे लावा, स्विचची (सगळ्या उपकरणांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीची) तार त्यात घ्या आणि जुन्या राउटरचे वायफाय आठवणीने बंद करा, नाहीतर मोबाइल परस्पर बाहेर जात राहतील. त्यावर एनएलबीडब्ल्यूमॉन हे प्रत्येक उपकरणाचा वापर वेगळा नोंदवणारे सॉफ्टवेअर बसवा. व्हीएनस्टॅट हेही चांगले साधन आहे, परंतु ते संपूर्ण जोडणीची बेरीज देते. तुम्हाला उपकरणनिहाय फोड हवी आहे. एनएलबीडब्ल्यूमॉनच्या नोंदी मुळात राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि वीज गेली की पुसल्या जातात, म्हणून त्या पेनड्राइव्हवर साठवण्याची सोय करा. आमच्याकडे पावसाळ्यात दोन आठवड्यांचे आकडे असेच गेले, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो.

अपलोडचा रकाना डाउनलोडइतक्याच बारकाईने वाचा. मर्यादेत बहुधा दोन्ही धरले जातात, आणि अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडचा डेटा मिळाल्याच्या, त्याच वाटेने जाणाऱ्या पोचपावत्याही अडकून सगळेच मंदावते. सुटीच्या दिवसाचे आकडे आधी पाहा. कोणी कामावर नसताना जे चालू असते, ते तेव्हा उघडे पडते.

उत्तर २ (वाशी)

तुमचा स्विच एसएनएमपी (उपकरणाकडून त्याचे आकडे दुरून वाचण्याची पद्धत) देणारा असेल, तर प्रत्येक पोर्टचा आलेखही काढता येईल. फक्त त्यात कार्यालयातल्या कार्यालयात होणारी देवाणघेवाणही मिसळलेली असते, हे विसरू नका. पोर्टमधून गेलेले बाइट मोजणारा जुना ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाला हे पावणेसहा मिनिटांत घडते, १ जीबीपीएसला तर ३५ सेकंदही लागत नाहीत. दर पाच मिनिटांनी वाचन घेणाऱ्याला मग खोटेच आकडे मिळतात. ६४ बिटांचा गणक निवडा. त्यासाठी एसएनएमपीची किमान दुसरी आवृत्ती लागते.

उत्तर ३ (कोपरखैरणे)

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक अॅड्रेस (उपकरणाचा ओळखक्रमांक) लपवतात, त्यामुळे यादीत अनोळखी उपकरण दिसले तर लगेच कोणावर संशय घेऊ नका. मोजणी सुरू करण्याआधी कर्मचाऱ्यांना तसे स्पष्ट सांगा. किती डेटा गेला एवढेच मोजले जाते, कोणी काय वाचले ते नाही, हे त्यांना कळले पाहिजे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी राउटर बसवला. रविवारी सकाळी दहा ते सोमवारी सकाळी दहा या वेळेत कार्यालयाला कुलूप होते, तरी डीव्हीआरच्या नावापुढे ८५ जीबी अपलोड नोंदले गेले. आमचे ज्येष्ठ भागीदार घोडबंदर रोडला राहतात. त्यांच्या घरच्या टॅबवर चारही कॅमेऱ्यांचे चित्र दिवसरात्र सुरू असते. प्रत्येक कॅमेऱ्याचे साधारण २ एमबीपीएस धरले, तर चारांचे ८ आणि दिवसाचे ८६ जीबी होतात, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो. त्यांना आकडे दाखवल्यावर त्यांनी स्वतःच हलक्या दर्जाचे चित्र निवडले. काल डीव्हीआरचे अपलोड ९ जीबी होते. उरलेल्या सगळ्यांचा मिळून रोजचा वापर ४० जीबीच्या आसपास आहे, त्यामुळे सध्याचीच योजना पुढे चालू ठेवत आहोत.