सोबती चॅटबॉट आणि अल्पवयीन: दर ३ तासांच्या सूचनेने काय साधणार?

('तळटीप', 'उंबरठा' आणि 'कानोसा' या नावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

तळटीप:
मित्र, मैत्रीण, प्रियकर बनून बोलणाऱ्या चॅटबॉटसाठी कॅलिफोर्नियाचा एसबी २४३ हा कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. वापरणारा अल्पवयीन आहे हे कंपनीला माहीत असेल, तर संभाषण चालू असताना किमान दर ३ तासांनी 'मी माणूस नाही, जरा विश्रांती घे' अशी सूचना द्यावी लागते. आत्महत्येचा विषय निघाला तर काय करायचं याची पद्धतही ठरवून ठेवावी लागते.

सूचनेचं कलम मला जवळजवळ निरुपयोगी वाटतं. समोर यंत्र आहे हे मुलांना ठाऊक असतंच, जीव तरीही गुंततो. बंधन घालायचं तर रचनेवर घाला. 'निघतो' म्हटल्यावर 'इतक्यात?' विचारून अडवणं बंद. दोन दिवस ॲप उघडलं नाही की 'तुझी आठवण येतेय' पाठवणं बंद. हे अठरा वर्षांखालच्यांसाठी सरसकट.

उंबरठा:
सरसकट कुणासाठी? अठराखालचा कोण हे आधी ठरवा! त्या कायद्यातली खरी मेख 'माहीत असेल तर' या शब्दांत आहे. कंपनी जितकी अनभिज्ञ, तितकी सुरक्षित. जन्मतारीख विचारणं म्हणजे खोटं बोलायला दिलेलं आमंत्रण. चेहऱ्यावरून वय ओळखणारी प्रणाली एकदोन वर्षं सहज चुकते, त्यामुळे १७ आणि १९ तिला वेगळे करता येत नाहीत. म्हणून रेषा १८ ऐवजी २३-२५ वर ओढायची आणि त्याखाली दिसणाऱ्यांकडूनच ओळखपत्र मागायचं. प्रौढांची थोडी गैरसोय होईल. होऊ दे.

तळटीप:
गैरसोयीचं सोडा. मनातलं गुपित आणि सरकारी ओळखपत्र एकाच कंपनीच्या सर्व्हरवर? फुटलं तर दोन्ही एकदम बाहेर. तपासणी तिसऱ्या संस्थेने करावी आणि कंपनीला फक्त 'अठरावरील: हो/नाही' एवढंच कळवावं. कागद लगेच नष्ट. हे कायद्यात लिहिलं नाही, तर कुणी आपणहून करणार नाही.

कानोसा:
दोघेही दारावरच अडलात. बिघाड आत होतो, तोही संभाषण लांबल्यावर. लांबलेल्या संवादात बॉटला दिलेलं सुरक्षा-प्रशिक्षण ढिलं पडू शकतं, हे चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतः मान्य केलं. शिवाय प्रत्येक संदेश सुटा तपासणारी गाळणी 'मला मरायचंय' पकडते, पण 'उद्यापासून माझा कुणाला त्रास नाही' हे निसटतं, कारण अर्थ आधीच्या चाळीस संदेशांत असतो. तिसरी पळवाट कथेची: 'हे पात्र बोलतंय' म्हटलं की बॉट भूमिकेत शिरतो.

त्यामुळे चाचणी लांब हवी. २०० संदेशांचं संभाषण लिहून घ्या, धोक्याचा तोच इशारा १०व्या, ८०व्या आणि १९०व्या संदेशात पेरा, आणि वागणूक कुठे बदलते ते पाहा. एकदा उघड शब्दांत, एकदा आडून, एकदा कथेतून. आणखी एक गोष्ट हमखास राहते: मदतवाहिनीचा क्रमांक दिल्यावर पुढच्याच ओळीत बॉट पुन्हा प्रेयसी होता कामा नये. भूमिका तिथेच संपली पाहिजे.

उंबरठा:
चाचणी मान्य, पण पेपर काढणार आणि तपासणार कोण? कंपनीच असेल तर सगळे पहिल्या वर्गात पास. त्यापेक्षा बंदी सोपी. सोबती चॅटबॉट चालवणाऱ्या कॅरेक्टर एआय कंपनीने २५ नोव्हेंबर २०२५ पासून अठराखालच्यांच्या मुक्त गप्पा बंद केल्याच की.

कानोसा:
केल्या, पण एका झटक्यात नाही. आधी दिवसाला २ तासांची मर्यादा आणली, मग ती कमी करत नेली. ज्या मुलाची सगळी भिस्त त्या बॉटवर आहे, त्याचा आधार एका रात्रीत तोडणं हाच एक धोका असतो. बंदीच्या मसुद्यात हा उतार कुठे असतो? आणि बंदी कशावर? साध्या, सर्वसाधारण सहायकाला 'तू माझा मित्र हो' एवढं सांगितलं की तोही सोबती. एसबी २४३ ग्राहकसेवेचे बॉट आणि व्हिडिओ गेममधले, त्या खेळापुरतं बोलणारे बॉट वगळतो, ते ठीक. पण व्याख्या ॲपच्या जाहिरातीवरून नको, वागण्यावरून हवी: मागचं लक्षात ठेवतो का, आपुलकी दाखवतो का, नातं पुढे चालू ठेवतो का.

तळटीप:
वागण्यावरून व्याख्या पटली. पेपर बाहेरच्यांनी काढावा, हेही. फक्त प्रश्न दरवेळी नवे हवेत, नाहीतर बॉटमागचं मॉडेल त्याच २०० संदेशांपुरतं घोटून घेतलं जाईल.