बोर्ड उभं राहत असताना रजिस्टरं यूजर प्रोग्रॅमच्या हातात द्यावीत का?

सोल्डरगन (धागाकर्ता)

परवा ऑफिसात यावरून चांगलंच वाजलं, म्हणून हा धागा. आमचं काम मोटर कंट्रोलचं. चिप झिंक-७०००, म्हणजे दोन आर्म कोअर आणि त्याच तुकड्यावर एफपीजीए, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणारा भाग. एफपीजीएमधला पीडब्ल्यूएम ब्लॉक (मोटरची वीज पल्सच्या रुंदीने कमीजास्त करणारा) आमच्याच माणसाने लिहिलेला, दहा-बारा रजिस्टरांचा. रजिस्टर म्हणजे हार्डवेअरला हुकूम द्यायचा किंवा त्याची स्थिती वाचायचा ठरलेला पत्ता. नवीन रुजू झालेल्या सिनियर साहेबांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून कर्नल ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्यात चालणारा कोड) लिहा, यूजर प्रोग्रॅमने रजिस्टरला हात लावायचा नाही.

मला हे पटत नाही. डेव्ह-मेम (फिजिकल मेमरी थेट दाखवणारी लिनक्सची फाइल) उघडायचं, त्या पत्त्याचं पान एममॅप करायचं (प्रोग्रॅमला जोडून घ्यायचं), पॉइंटर व्होलाटाइल ठेवायचा (म्हणजे कंपायलर लिहिणं-वाचणं गाळत नाही) आणि थेट लिहायला लागायचं. रजिस्टरांचा नकाशा या काळात आठवड्यातून दोनदा बदलतो. आज कंट्रोल बिट शून्यावर, शुक्रवारी पाचावर. त्याच्यावर ड्रायव्हर, डिव्हाइस ट्री (कर्नलला दिलेली हार्डवेअरची यादी), आयऑक्टल (ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल) असा इमला चढवायचा म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. शिवाय हार्डवेअरवाला प्रोब धरून उभा असतो. 'तिसरं बिट चढव' म्हणाला की बिझीबॉक्सच्या डेव्हमेम कमांडची एक ओळ टाकली, झालं. प्रोग्रॅम चुकला तर प्रोग्रॅम मरतो. ड्रायव्हर चुकला तर कर्नल पडतो, परत बूट, परत चहा.

मतं येऊ द्या.

कर्नलपंथी

साफ असहमत. तुम्ही एका भटाची म्हण दिलीत, मी दुसऱ्याची देतो: भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. 'डेव्हलपमेंटपुरतं' म्हणून उघडलेलं दार बंद करायची आठवण शिपिंगच्या आठवड्यात कुणाला राहते?

डिसेंबर २०१२ आठवतोय? सॅमसंगच्या एक्सिनॉस ४ चिपच्या फोनांमध्ये, गॅलेक्सी एस २, एस ३, नोट २ वगैरे, 'एक्सिनॉस-मेम' नावाची डिव्हाइस फाइल सापडली. काम डेव्ह-मेमसारखंच, आणि परवानगी सगळ्या जगाला वाचा-लिहायची! कॅमेरा आणि ग्राफिक्सच्या लायब्ररींची सोय होती ती. कुठलंही फालतू अ‍ॅप फिजिकल मेमरीत शिरून रूट (सर्वाधिकारी) होऊ शकत होतं. बातमी फुटल्यावर सॅमसंगला अपडेट काढावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे होतं, तर तुमच्या-आमच्या दहा जणांच्या टीमचं काय घेऊन बसलात?

आणि 'प्रोग्रॅम चुकला तर प्रोग्रॅमच मरतो' हे झिंकवर तरी म्हणू नका. एफपीजीएत बिटस्ट्रीम (भरायचं सर्किट) नसताना किंवा ब्लॉकचं क्लॉक बंद असताना तिथला पत्ता वाचून बघा. समोरून उत्तरच येत नाही, बस (सीपीयू आणि ब्लॉकमधली वाट) अडकते आणि सीपीयूही तिथेच थिजतो. कर्नल पॅनिकचा निदान मेसेज तरी दिसतो.

वेरिलॉगवाली

मी भिंतीच्या पलीकडची, हार्डवेअरची, म्हणजे ज्यांची रजिस्टरं तुम्ही कुरतडता त्यांच्यातली. थेट अ‍ॅक्सेस मला हवाच असतो. सॉफ्टवेअर टीमचा ड्रायव्हर येईपर्यंत थांबले असते तर माझा एकही ब्लॉक वेळेत निघाला नसता.

पण एक दुखणं सांगते. आमच्या एका बोर्डावर इंटरप्ट (ब्लॉकने सीपीयूला दिलेल्या हाका) मधूनच गायब व्हायचे. तीन दिवस मी माझं आरटीएल (सर्किटचा कोड) उपसत होते, सिम्युलेशन स्वच्छ. शेवटी कळलं, एका पोराने दुसऱ्या टर्मिनलवर स्टेटस रजिस्टर दर सेकंदाला छापणारा लूप लावून ठेवला होता, 'फक्त बघायला'. ते रजिस्टर वाचलं की साफ होणारं. ड्रायव्हर बघायच्या आत हा बिट खाऊन मोकळा. मेमरीत वाचणं निरुपद्रवी असतं, रजिस्टरमध्ये नसतं, हे सी शिकवताना कुणीही सांगत नाही.

सोल्डरगन

@वेरिलॉगवाली, हाहा, तो पोरगा मीही असू शकलो असतो.

@कर्नलपंथी, एक्सिनॉसचं उदाहरण दमदार, पण ती चूक परवानगीची. आमच्याकडे फाइल रूटचीच. आणि कर्नलमध्ये डेव्ह-मेमला आवर घालणारा स्ट्रिक्ट-डेव्हमेम पर्याय चालू आहेच की.

कर्नलपंथी

हा गैरसमज सार्वत्रिक आहे. स्ट्रिक्ट-डेव्हमेम रॅम झाकतं, पेरिफेरलची रजिस्टरं उघडीच राहतात. ड्रायव्हरने ताब्यात घेतलेली रजिस्टरंही झाकायची असतील तर आयओ-स्ट्रिक्ट-डेव्हमेम हा वेगळा पर्याय आहे, तो कर्नल ४.५ मध्ये आला, २०१६ साली. तो चालू नसेल तर तुमचा प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर एकाच रजिस्टरवर वाच-बदल-लिही करत बसतात आणि एकाचं बिट दुसरा पुसतो. तिथे लॉक कुठलं लावणार?

पाचव्होल्ट

दोघेही टोकाला चाललात. मधे यूआयओ आहे ना, यूजर प्रोग्रॅममधून डिव्हाइस चालवायची कर्नलचीच सोय! २००७ पासून कर्नलमध्ये आहे, २.६.२३ पासून. डिव्हाइस ट्रीत ब्लॉकचा पत्ता आणि इंटरप्ट लिहा, जेनेरिक यूआयओ ड्रायव्हरला जोडा, की झाली फाइल तयार. एममॅप केलं की तेवढ्याच ब्लॉकची पानं मिळतात, शेजाऱ्याची नाहीत. डेव्ह-मेममध्ये इंटरप्टची सोयच नाही, पोलिंग करत (पुन्हापुन्हा वाचून बघत) बसा. इथे चार बाइट रीड केले की इंटरप्ट येईपर्यंत प्रोग्रॅम झोपतो, उठल्यावर आतापर्यंत किती आले तो आकडा हातात. मग १ लिहून परत चालू करायचा. नकाशा बदलला तर कर्नलला हात लावायचा नाही, फक्त तुमची हेडर फाइल बदलते. तीन प्रॉडक्ट असेच काढलेत.

(अवांतर: मॅनेजर लोकांना यूआयओ का आवडतं? कर्नलमधला तुकडा छोटा, जीपीएलखालचा (म्हणजे सोर्स उघडा ठेवावा लागणारा). खरी अक्कल यूजर प्रोग्रॅममध्ये, ती बंद ठेवता येते.)

शिकाऊ उमेदवार

मोठ्यांच्यात बोलतोय, पण रास्पबेरी पायवर आम्ही जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट पिना) थेटच हलवतो, सुडोसुद्धा लागत नाही. मग ते चूक का?

पाचव्होल्ट

चूक नाही रे. पायवाल्यांनी जीपीआयओ-मेम नावाची वेगळी फाइल दिलीय, तिच्यातून फक्त जीपीआयओचा ब्लॉक दिसतो. देण्याची शहाणी पद्धत ती. पण थेट पत्त्यांवर बांधलेल्या प्रोग्रॅमचं आयुष्य बघ. पेरिफेरलचा पत्ता पहिल्या पायवर हेक्स २० ने सुरू, पाय २ वर ३एफ ने, पाय ४ वर एफई ने. पाय ५ मध्ये तर जीपीआयओ मुख्य चिपमधून उठून पीसीआय एक्सप्रेसपलीकडच्या आरपी१ चिपवर गेलं आणि जुन्या लायब्ररी आडव्या झाल्या. कर्नलमार्फत जाणारी लिबजीपीआयओडी लायब्ररी वापरणाऱ्यांना फार तर चिपचा नंबर बदलावा लागला.

कर्नलपंथी

यूआयओ डेव्ह-मेमपेक्षा बरं, मान्य. पण 'फक्त एका ब्लॉकची पानं' यावर फार विसंबू नका. त्या ब्लॉकला डीएमए (सीपीयूशिवाय थेट मेमरीत लिहायची सोय) असेल तर त्याच्या पत्ता-रजिस्टरमध्ये काहीही लिहून मेमरीत कुठेही माल टाकता येतो. पानं एकाच ब्लॉकची, पोहोच सगळ्या रॅमवर. समोर आयओएमएमयू (डिव्हाइसची मेमरीतली पोहोच आवरणारं हार्डवेअर) असलं आणि व्हीएफआयओतून (ते वापरून डिव्हाइस प्रोग्रॅमला देणारी कर्नलची सोय) दिलं तरच त्याला लगाम. झिंक-७००० वर आयओएमएमयू नाही.

आणि मूळ मुद्दा कुणीच काढला नाही. @सोल्डरगन, तुमचा प्रोग्रॅम सेगफॉल्ट होऊन मेला तर पीडब्ल्यूएमचं काय होतं?

सोल्डरगन

... शेवटचं लिहिलेलं तसंच राहतं.

कर्नलपंथी

म्हणजे मोटर फिरत राहते. ड्रायव्हर असता तर प्रोग्रॅम कसाही मरो, कर्नल फाइल बंद करतो, रिलीज फंक्शन चालतं आणि त्यात पीडब्ल्यूएम शून्यावर आणता येतो. तुमच्या एममॅपमागे आवरायला कुणी नाही.

सोल्डरगन

इथे मात्र गप्प बसतो. खरं सांगायचं तर एकदा झालंय. पायथनमध्ये एक्सेप्शन आलं, स्क्रिप्ट मेली, ड्यूटी (पल्स चालू राहायचं प्रमाण) ९० टक्क्यांवर अडकली. मॉसफेटचा (मोटरला वीज सोडणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) वास आल्यावर वीज तोडली. सिनियर साहेब तेव्हा नव्हते, म्हणून अजून नोकरी आहे.

वेरिलॉगवाली

पण हे ड्रायव्हरच्या भरवशावर तरी का सोडायचं? कर्नल स्वतःच अडकला तर रिलीज कोण चालवणार? ब्लॉकमध्येच एक वॉचडॉग रजिस्टर ठेवा. सॉफ्टवेअरने दर काही मिलिसेकंदांनी त्यात लिहायचं. नाही लिहिलं तर पीडब्ल्यूएमचे आउटपुट एफपीजीए स्वतः बंद करेल. एक काउंटर, एक तुलना, एक अँड गेट. मग वर डेव्ह-मेम असो, यूआयओ असो, नाहीतर साहेबांचा ड्रायव्हर. मात्र हा ठोका, म्हणजे ते लिहिणं, मोटरच्याच लूपमधून द्या. वेगळ्या थ्रेडमधून देऊ नका, नाहीतर लूप मेला तरी थ्रेड ठोके देतच राहील.

पाचव्होल्ट

+१. यूआयओतही कर्नलकडच्या तुकड्याला रिलीज हुक देता येतो, पण जेनेरिक ड्रायव्हर वापरला की तुमच्या पीडब्ल्यूएमला शून्य कसं करायचं ते त्याला ठाऊक नसतं. तेवढ्यासाठी स्वतःचा छोटा ड्रायव्हर लिहावा लागेल.

जाता जाता आणखी एक: एममॅप केलेल्या रजिस्टरांवर मेमकॉपी (सीचं मेमरी नकलायचं फंक्शन) चालवू नका. ६४ बिट आर्मवर ती आडव्यातिडव्या पत्त्यांवरून उचलते आणि डिव्हाइस मेमरीवर ते चालत नाही, थेट बस एरर. आणि बीगलबोन बोर्डावर पिनमक्सची (कुठल्या पिनने काय काम करायचं ते ठरवणारी) रजिस्टरं डेव्ह-मेमने लिहून बघा. एररही येत नाही, बदलही होत नाही, कारण तो भाग फक्त प्रिव्हिलेज्ड मोडमधलं लिखाण ऐकतो. मी अख्खा शनिवार घालवलाय त्यात.

सोल्डरगन

ठीक. वॉचडॉगचं उद्याच एफपीजीएवाल्याच्या गळी उतरवतो आणि इंटरप्टसाठी यूआयओवर जातो. पण नवीन बोर्ड टेबलावर आलं की पहिला हात डेव्हमेमचाच, ते सोडणार नाही.

कर्नलपंथी

टेबलावर खुशाल वापरा. मला एवढंच सांगा, गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या इमेजच्या कर्नल कॉन्फिगमध्ये डेव्ह-मेम बंद आहे ना?

सोल्डरगन

आत्ता उघडून बघितलं. चालू आहे. बंद केलं असतं, पण फॅक्टरीतल्या टेस्ट जिगची स्क्रिप्ट त्याच्यावरच चालते, आणि सर्व्हिसवाल्यांनीही तीच पेनड्राइव्हवर नेलीय म्हणे.

कर्नलपंथी

ओसरी.