लायसन्स या शब्दात शेवटी ‘सी’ की ‘एस’?

प्रश्न (अमळनेर): भावाच्या बियाण्यांच्या दुकानाची इंग्रजी पाटी रंगवायची आहे. परवान्याच्या कागदावर लायसन्स शब्दात ‘एन’नंतर ‘सी’ आहे, तर पेंटरने ‘एस’ लिहिला आहे. चूक कोणाची?

उत्तर (धुळे): दादा, आपल्याकडे शाळेत आणि सरकारी कागदांत चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’ असतो, तर अमेरिकेत दोन्हींना ‘एस’च लिहितात. पाटीवर परवाना क्रमांक लिहायचा असेल तर ‘सी’ घ्यावा. मात्र ‘लायसन्स्ड डीलर’ लिहायचे असेल तर तो शब्द क्रियापदावरून आल्यामुळे तिथे ‘एस’च बरोबर ठरतो. प्रॅक्टिसचा ब्रिटिश नियम हाच, पण अमेरिकेत तिथे दोन्हींना ‘सी’, आणि माझे विद्यार्थी नेमके इथेच अडतात. त्यांना मी अॅडव्हाइस आणि अॅडव्हाइझ ही जोडी आठवायला सांगतो, कारण तिथे उच्चारच नाम आणि क्रियापद वेगळे करतो.

उत्तर (भुसावळ): मीटरचेही तसेच आहे. ब्रिटिश पद्धतीत लांबीच्या मीटरच्या शेवटी ‘आर-ई’ येते. विजेच्या मीटरला मात्र दोन्ही देशांत ‘ई-आर’च.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पाटीवर दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे एकच अक्षर बदलून घेतो.